ग्राफिक कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचे स्टिकर वाचा

"५०० वॅटचा एसएमपीएस आहे, आरटीएक्स ४०६० चालेल का?" सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव या भागातल्या वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न. विचारणारे बहुधा तिघांपैकी एक असतात: गेम खेळणारा कॉलेजचा मुलगा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा फोटो स्टुडिओवाला, नाहीतर नागपूरहून ऑफिसमधला जुना कॉम्प्युटर आणून त्यात कार्ड टाकू पाहणारा. दुकानात विचारले तर "चल जाएगा" हे उत्तर तयार असते. आणि थोडे दिवस चालतेही. मग मे महिन्यात, ऐन रेंडरिंगच्या वेळी, मशीन धाडकन बंद पडते आणि दोष नव्या कार्डावर येतो.

या प्रश्नाला सरळ "हो" किंवा "नाही" म्हणता येत नाही, कारण त्यातला ५०० हा आकडाच भरवशाचा नसतो. उत्तर मात्र तुम्हाला घरीच काढता येते. एक पेचकस, मोबाइलचा कॅमेरा आणि शाळेतला गुणाकार एवढे पुरते.

विंडोजमध्ये शोधू नका, कॅबिनेट उघडा

एसएमपीएस किती वॅटचा आहे हे विंडोज सांगू शकत नाही. टास्क मॅनेजर, जीपीयू-झेड, एचडब्ल्यू-इन्फो यांपैकी कुठेही ते दिसणार नाही; थोड्या महागड्या डिजिटल एसएमपीएसचा अपवाद सोडला तर तो मदरबोर्डाशी याबाबत काही बोलतच नाही. म्हणून झाकण काढायचेच.

- कॉम्प्युटर शटडाउन करा, मागचे बटण बंद करा आणि वायर भिंतीतून काढा.
- पुढचे पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते.
- डावीकडचे झाकण काढा. एसएमपीएसवरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो घ्या. स्टिकर आतल्या बाजूला असेल तर एसएमपीएसचे मागचे चार स्क्रू काढून तो अलगद फिरवा.
- एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब काही काळ राहतो.

त्याच वेळी एसएमपीएसमधून निघणाऱ्या वायरींचा आणि मदरबोर्डाचाही फोटो घेऊन ठेवा. पुढे लागेल.

स्टिकरवरची एकच ओळ महत्त्वाची

स्टिकरवर मोठ्या अक्षरात लिहिलेले "४५० वॅट" क्षणभर विसरा. खाली एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकासमोर अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड, म्हणजे वीज खाणारे दोन्ही मोठे भाग, आज जवळजवळ पूर्णपणे १२ व्होल्टवर चालतात. म्हणून १२ व्होल्टसमोरच्या अँपिअरला १२ ने गुणा. जो आकडा येईल ती तुमच्या एसएमपीएसची कामाची ताकद.

असेंबल कॉम्प्युटरमध्ये सात-आठशे रुपयांत येणाऱ्या एसएमपीएसवर वर "४५०" छापलेले असते आणि तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथेच ३५ ते ३७ अँपिअर लिहिलेले सापडते, म्हणजे ४२० वॅट किंवा त्याहून जास्त. बाहेरून दोन्ही डबे सारखे दिसतात. वजन हातात घेऊन पाहिले तर फरक कळतो, पण वजनावर निर्णय घेऊ नका, तक्त्यावर घ्या.

काही स्टिकरवर १२ व्होल्टच्या दोन ओळी असतात, १२व्ही१ आणि १२व्ही२. त्यांच्या अँपिअरची सरळ बेरीज करायची नसते. खाली दोन्ही मिळून कमाल किती वॅट हे वेगळे दिलेले असते, तोच आकडा धरा. आणि ज्या एसएमपीएसवर हा तक्ताच नाही, तो ग्राफिक कार्डासाठी बाद. त्यावर पुढे विचार करायची गरज नाही.

आता हिशेब

तीन आकड्यांची बेरीज करायची आहे.

पहिला, कार्डाचा. कंपनीने जाहीर केलेला वीजवापर असा आहे:

- जीटी १०३०: ३० वॅट
- आरएक्स ६४००: ५३ वॅट
- आरटीएक्स ३०५०, ६ जीबी: ७० वॅट
- जीटीएक्स १६५०: ७५ वॅट
- आरटीएक्स ४०६०: ११५ वॅट
- आरएक्स ६६००: १३२ वॅट
- आरटीएक्स ५०६०: १४५ वॅट
- आरटीएक्स ३०६०: १७० वॅट
- आरएक्स ५८०: १८५ वॅट
- आरटीएक्स ४०७०: २०० वॅट

दुसरा, प्रोसेसरचा. इथे खोक्यावरचा "६५ वॅट" फसवतो. इंटेलच्या आय५-१२४००एफची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे, आय३-१२१००एफची ८९. रायझन ५ ५६०० वर ६५ लिहिले असले तरी तोही त्याहून वर जातो. नेहमी कमाल आकडा घ्या.

तिसरा, बाकी सगळ्याचा: मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, पंखे. साध्या मशीनला ५० वॅट धरले की पुरे.

ही बेरीज १२ व्होल्टच्या ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आत बसली पाहिजे. उरलेले ३० टक्के उगीच ठेवलेले नाहीत. कार्डाचा वापर क्षणभरासाठी छापील आकड्याच्या बराच वर उसळतो. एसएमपीएस जुना होतो तसा थकतो. आणि आपल्याकडचा उन्हाळा त्यातून आणखी काही काढून घेतो.

उदाहरण घ्या. आय३-१२१००एफ आणि आरटीएक्स ४०६०: ८९ अधिक ११५ अधिक ५०, एकूण २५४ वॅट. वरच्या १६८ वॅटच्या एसएमपीएसवर हे कोणत्याही हिशेबाने बसत नाही. ३६ अँपिअरच्या, म्हणजे ४३२ वॅटच्या एसएमपीएसवर ते ६० टक्क्यांच्याही आत बसते. दोघांवर छापलेले ४५० च आहे. दुकानदार "साडेचारशेवर चालते" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही. तो कोणत्या साडेचारशेबद्दल बोलतो हे तुम्ही विचारायचे.

आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ३०६० ही स्टुडिओवाल्यांची आवडती जोडी (१२ जीबी मेमरीमुळे, आणि एडिटिंगसाठी ती निवड योग्यच आहे) ३३७ वॅटपर्यंत जाते. इथे चांगला ४५० सुद्धा ७८ टक्क्यांवर पोहोचतो. ५५० घ्यावा.

कंपन्या ४०६० साठी ५५० वॅट सुचवतात, मग आपला हिशेब कमी कसा? त्यांना तुमचा प्रोसेसर आणि तुमच्या एसएमपीएसचा दर्जा माहीत नसतो, म्हणून त्या सर्वांना पुरेल असा आकडा देतात. नवीन एसएमपीएस घ्यायचाच असेल तर कंपनीचा आकडा पाळा. आहे तो तपासायचा असेल तर तक्ता पाहा.

ज्यांना बेरजेवर विश्वास नाही त्यांच्यासाठी एक घरगुती चाचणी. वीज मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला "३२०० इम्पल्स प्रति युनिट" असे काहीतरी लिहिलेले असते. घरातले बाकी सगळे बंद करा, कॉम्प्युटरवर जड काम लावा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. ३२०० च्या मीटरवर प्रत्येक लुकलुक म्हणजे १८.७५ वॅट. मिनिटाला १६ झाल्या तर ३०० वॅट. त्यातून मॉनिटरचे २०-२५ वजा करा. हा भिंतीतून ओढलेला आकडा आहे. एसएमपीएस आत त्याहून कमी देतो, चांगला असेल तर सुमारे ८५ टक्के. आजचा वापर असा मोजून त्यात नव्या कार्डाचे वॅट मिळवले की चित्र स्पष्ट होते.

पिना जुळतात का

मदरबोर्डाचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यावरचे सगळे वेगळ्या वायरीने यावे लागते: ६ पिनची वायर ७५ वॅट, ८ पिनची १५० वॅट. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेले वेगळ्या वायरीशिवाय चालतात, काहींना ६ पिन लागते. नाव तेच असते, म्हणून खरेदीआधी फोटोत कार्डाची वरची कडा बघा.

- तुमच्या एसएमपीएसला ६ पिन किंवा "६ अधिक २" पिनची वायर मुळातच नसेल, तर बनवणाऱ्याने तो ग्राफिक कार्डासाठी बनवलेलाच नाही.
- प्रोसेसरची वायर "४ अधिक ४" असते. तिलाही आठ पिनाच असतात, पण आत १२ व्होल्ट आणि अर्थ उलट बाजूंना असतात. जोर लावून ती कार्डात बसवू नका.
- साटा वायरीवरून ६ पिन बनवणारा शंभर रुपयांचा जोड घेऊ नका. साटा जोडाची १२ व्होल्टवरची मर्यादा साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. कार्ड मागणार ७५. प्लास्टिक वितळते.
- वायरी सुट्या होणाऱ्या एसएमपीएसमध्ये एका कंपनीची वायर दुसऱ्याच्या डब्यात लावू नका. जोड बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो.
- १६ पिनच्या मोठ्या कार्डांत जोड शेवटपर्यंत आत गेला आहे याची खात्री करा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे जोड वितळल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. अर्धवट बसलेला जोड हे त्यातले एक मोठे कारण ठरले.

ऑफिसचा जुना कॉम्प्युटर आणला असेल तर

डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही मशीन स्वस्त आणि टिकाऊ असतात, आणि त्यांचे स्टिकर सहसा प्रामाणिक असते. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या लहान डब्यात २५५ वॅटचा एसएमपीएस येतो आणि तो जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर देऊ शकतो. म्हणजे वरच्या स्वस्त "४५०" पेक्षा जास्तच.

अडचण वेगळीकडे आहे. कार्डाची वायर नसते, आणि यातल्या अनेक मॉडेलांत मदरबोर्डाचा जोड नेहमीचा २४ पिनचा नसून कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला एसएमपीएस त्यात सरळ लागत नाही आणि लहान डब्यात त्याचे मापही बसत नाही. शिवाय काही लहान मॉडेलांत कंपनीच्या पुस्तिकेत स्लॉटची मर्यादा ७५ वॅटपेक्षा कमी दिलेली असते. ती पुस्तिका मॉडेल क्रमांकावरून मोफत मिळते, वाचा. अशा मशीनमध्ये अर्ध्या उंचीचे, वेगळी वायर न लागणारे कार्डच घ्या: जीटी १०३०, आरएक्स ६४०० किंवा आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी मॉडेल. त्यात आरएक्स ५८० बसवायचे स्वप्न सोडून द्या. ते कार्ड जुन्या बाजारात स्वस्त मिळते, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि दिवसरात्र राबलेली कार्डे विक्रीला आली.

मे महिना, व्होल्टेज आणि इन्व्हर्टर

पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. काही एसएमपीएसची छापील ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते, चांगल्यांची ४० किंवा ५० अंशाला. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात. खोलीतल्या बंद कॅबिनेटच्या आत काय असेल याचा विचार करा. खोक्यावर तापमान लिहिलेले नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, दमट हवा आणि धूळ दोन्ही आत जातात.

संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येते असा गावांतला अनुभव आहे. "ॲक्टिव्ह पीएफसी" असलेला एसएमपीएस बहुधा १०० ते २४० व्होल्ट सहन करतो. साध्याचा तळ १८० किंवा २०० ला असतो. हाही आकडा स्टिकरवर "इनपुट"समोर असतो. व्होल्टेज सतत कमीच येत असेल तर वीज वितरण कंपनीकडे १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

यूपीएसचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो. वरचे २५४ वॅटचे मशीन भिंतीतून ३०० ओढते, मॉनिटर धरून सव्वातीनशे. कागदावर बसते, पण बॅटरी दोन वर्षांची असेल तर वीज जाताच यूपीएस किंचाळून बंद पडतो. १००० व्हीएचा, ६०० वॅटचा घ्या. घराच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्या मागचे बटण "यूपीएस मोड"वर ठेवा आणि तो साइन वेव्हचा आहे का ते पाहा. स्क्वेअर वेव्हवर ॲक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस बंद पडू शकतो.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवा, कार्ड नंतर.

कमी पडतो असे निघाले तर

- *एसएमपीएस बदला.* ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा चांगला एसएमपीएस साधारण चार-पाच हजारांत येतो. पंचवीस हजारांचे कार्ड घेणाऱ्याने इथे काटकसर करू नये.
- *लहान कार्ड घ्या.* ७०-७५ वॅटच्या कार्डावर बरेच गेम आणि साधे एडिटिंग होते.
- *थोडे थांबा.* कार्ड आधीच घेतले असेल आणि मशीन काठावर असेल, तर आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७०-८० टक्क्यांवर आणा आणि गेममध्ये फ्रेमची मर्यादा घाला. हा तात्पुरता उपाय आहे. १६८ वॅटचा एसएमपीएस याने वाचत नाही.

दोन एसएमपीएस एकत्र जोडून देतो म्हणणाऱ्याकडून निघून या.

८० प्लसच्या पट्टीबद्दल एक गैरसमज. ब्राँझ, गोल्ड हे वीज किती वाया जाते याचे प्रमाणपत्र आहे, सुरक्षिततेचे नाही. गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या गोल्ड दर्जाच्या एसएमपीएसबाबत तक्रारी आल्यावर कंपनीला ऑगस्ट २०२१ मध्ये ठराविक क्रमांकांचे नग बदलून द्यावे लागले होते. म्हणून त्या विशिष्ट मॉडेलची, आत उघडून तपासणी केलेली परीक्षणे वाचा. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि "आर" अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक स्टिकरवर आहे का तेही बघा. तो "बीआयएस केअर" ॲपवर तपासता येतो. पाच वर्षांची वॉरंटी असलेला थोडा महाग नग बहुधा परवडतो.

बसवल्यावर

हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवणे ही चाचणी नाही. त्याने एसएमपीएस सुरू होतो एवढेच कळते. भार द्यावा लागतो. तुमचा सर्वांत जड गेम किंवा रेंडर अर्धा तास, शक्यतो दुपारी, चालवा. निळा पडदा न येता मशीन एकदम बंद होऊन पुन्हा सुरू झाले, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद आली, तर पहिला संशय एसएमपीएसवर. कार्डाचे तापमान मात्र त्याच वेळी पाहा. तापलेले कार्डही असेच वागते. जळका वास आला तर चाचणी तिथेच थांबवा.

नागपूरला घेतले, सौंसरला बिघडले

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, पण कार्ड घ्यायला पाय अजून नागपूरच्या सीताबर्डीकडेच वळतात. दुकान महाराष्ट्रात आणि घर मध्य प्रदेशात, म्हणून वाद झाला तर काही करता येत नाही, असे बरेच वाचक समजतात. तसे नाही.

- पक्के बिल मागा. त्यावर मॉडेल आणि सिरियल क्रमांक लिहून घ्या. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.
- "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. मात्र चांगले कार्ड तुमच्या अपुऱ्या एसएमपीएसवर चालले नाही, तर तो मालाचा दोष ठरत नाही. म्हणून वरचा हिशेब आधी.
- दुकानदाराने "चालेल" म्हटले असेल तर तेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: तुमच्या स्टिकरचा फोटो, कार्डाचे नाव आणि त्याचे उत्तर.
- ऑनलाइन घेतले तर खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल देणे बंधनकारक आहे.
- स्टुडिओसाठी घेतले म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः वापरायची वस्तू घेणारा कायद्याने ग्राहकच आहे.
- आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे सुटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दुकान कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.